आधी तुमचं उत्तर, मग एआयचं

प्रश्न असा आहे: "सहा वर्षं विश्लेषक म्हणून काम करतोय. वर्षभरापासून अहवाल, ईमेल, आकड्यांचा अर्थ लावणं, सगळ्यासाठी एआय वापरतो. काम पटापट उरकतं. पण हल्ली कोऱ्या पानासमोर बसलो की काही सुचत नाही, आणि बैठकीत कुणी 'हे असं का?' विचारलं तर माझ्याच अहवालाबद्दल मला सांगता येत नाही. एआय सोडून द्यावं का? आणि हाताखाली दोन नवीन मुलं आली आहेत, त्यांना वापरू द्यावं की नाही?"

सोडू नका, क्रम बदला. आज तुम्ही प्रश्न आला की आधी एआयला विचारता आणि मग त्याच्या उत्तरावर विचार करता. हे उलटं करा. आधी स्वतःचं उत्तर लिहा, तीन ओळींचं का होईना, आणि मग त्याला विचारा. पुढे जे सांगणार आहे ते बरंचसं यातूनच निघतं, म्हणून कारण जरा खोलात जाऊन सांगतो.

मी गेली बावीस वर्षं सॉफ्टवेअरच्या तपासणीत आहे. दुसऱ्यांनी केलेलं काम वाचायचं, शंका काढायच्या आणि शेवटी "हे चालू करायला हरकत नाही" म्हणून सही करायची, हे माझं काम. एआय मीही रोज वापरतो. तुमच्या दोन तक्रारींपैकी मला दुसरी जास्त गंभीर वाटते. कोऱ्या पानासमोर न सुचणं हा सवयीचा भाग आहे, थोड्या दिवसांत ते परत येतं. पण स्वतःच्या अहवालातलं "का" सांगता येत नसेल, तर त्यातला निर्णय तुम्ही घेतलेलाच नव्हता. तुम्ही तो फक्त पुढे पाठवला.

२०२३ साली 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २७ रेडिओलॉजिस्टना ५० मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचे एक्स-रे, वाचायला दिले आणि प्रत्येकासोबत एआयचं म्हणून एक मत दाखवलं. त्यातली काही मतं मुद्दाम चुकीची ठेवली होती. दाखवलेलं मत बरोबर होतं तेव्हा नवख्या डॉक्टरांची सुमारे ८० टक्के उत्तरं बरोबर आली. ते चुकीचं होतं तेव्हा हेच प्रमाण २० टक्क्यांवर आलं. नवखे होते म्हणून असं झालं असेल, असं वाटेल. पण दीर्घ अनुभव असलेल्यांचंही प्रमाण ८२ वरून ४५ टक्क्यांच्या आसपास घसरलं. या सगळ्यांना मॅमोग्राम वाचता येत होते. डोळ्यांसमोर चित्र होतं. पण शेजारी एक उत्तरही होतं, आणि तेवढ्याने नजर बदलली.

उत्तर एकदा दिसलं की मन शोधणं थांबवतं आणि त्या उत्तराला आधार गोळा करू लागतं. "मी वाचून नीट विचार करतो" असं आपण म्हणतो, पण तो विचार त्या उत्तराच्या कुंपणातच फिरत असतो. पाहिलेलं उत्तर न पाहिल्यासारखं करता येत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा.

माझी वही कशी दिसते ते दाखवतो. मध्यंतरी प्रश्न आला, "या महिन्यात तक्रारी दीडपट का झाल्या?" मी लिहिलं:

"अंदाज: नवीन आवृत्ती कारण नाही. तक्रारीचं बटण पहिल्या पानावर आणलं, म्हणून नोंदी वाढल्या.
खात्री: दहात सहा.
चुकलोय हे कशावरून कळेल: फोनवरच्या तक्रारीही तेवढ्याच वाढल्या असतील तर."

चार मिनिटं लागली. मग एआयला विचारलं. त्याने आठ कारणं दिली. पहिलं कारण "नवीन आवृत्तीतले दोष", आणि ते इतकं नीट मांडलं होतं की वही कोरी असती तर मी तेच उचललं असतं. ते पहिलं का आलं? कारण जगातल्या लिखाणात तक्रारी वाढण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. आमचं बटण हललंय हे त्याला कुठून कळणार? सहावं कारण मात्र मला सुचलंच नव्हतं: पान अडकलं की लोक तेच बटण दोनदा दाबतात आणि एका तक्रारीच्या दोन नोंदी होतात. तपासलं. फोनवरच्या तक्रारी वाढल्या नव्हत्या, आणि दुहेरी नोंदी खरंच सापडल्या. म्हणजे उत्तर थोडं माझं होतं, थोडं त्याचं. पण त्यातलं कोणतं का घेतलं आणि कोणतं का टाकलं, हे मी आजही सांगू शकतो.

तिन्ही ओळींत तिसरी सर्वांत मोलाची. मी चुकलो असेन तर ते कशाने दिसेल, हे आधी लिहून ठेवलं की नंतर स्वतःचीच समजूत घालता येत नाही. एआयने माझ्या मताला दुजोरा दिला तरी तो पुरावा धरला जात नाही. पुरावा कोणता ते आधीच ठरलेलं असतं.

आणि हो, ही चिठ्ठी एआयला दाखवायची नाही. दाखवलीत तर ते तुमची री ओढण्याची शक्यता वाढते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीमधला एक बदल मागे घ्यावा लागला होता, कारण तो वापरणाऱ्याच्या हो ला हो करत त्याची फाजील भलामण करू लागला होता. तो बदल गेला, पण खुशामतीकडे झुकण्याचा स्वभाव थोडाफार सगळ्याच चॅटबॉटमध्ये आहे. माणसांना आवडलेल्या उत्तरांवरून त्यांना घडवलं जातं आणि माणसाला सहमती आवडते, हे त्याचं एक मोठं कारण. म्हणून "माझं मत असं आहे, बरोबर ना?" असं कधीच विचारू नका. "हा प्रस्ताव ज्याला फेटाळायचाय, तो कोणते मुद्दे काढेल?" असं विचारा. महत्त्वाची गोष्ट असेल तर मी दोन वेगळ्या, नव्या संभाषणांत एकच प्रश्न उलटसुलट विचारतो: एकात "हे का करावं", दुसऱ्यात "हे का करू नये". दोन्हीकडून तितकीच पटणारी उत्तरं आली, तर त्याच्या पटवण्याला किती वजन द्यायचं ते आपोआप कळतं.

आता भाषेबद्दल. पूर्वी नेटका, मुद्देसूद अहवाल समोर आला की लिहिणाऱ्याने मेहनत घेतलीय असं मानायला जागा असायची. आता तसं राहिलं नाही. हे मॉडेल प्रचंड लिखाणातून भाषेचे नमुने शिकलेलं असतं आणि पुढे कोणता शब्द यावा ते ठरवत वाक्य बांधत जातं. माहिती खरी असो की ठोकून दिलेली, सूर तोच, सफाई तीच. माणूस खात्री नसली की चाचरतो, "बहुतेक" म्हणतो, नजर चुकवतो. वर्षानुवर्षं मी याच खुणांवर दुसऱ्यांचं काम तपासत आलो. इथे त्या खुणाच नाहीत.

याची किंमत मी मोजलीय. एका मोठ्या बदलाच्या चाचण्यांचा ३८ पानी अहवाल आला होता. दिवस धावपळीचा होता, म्हणून एआयकडून सारांश करून घेतला. त्यात लिहिलं होतं, "घेतलेल्या सर्व चाचण्या यशस्वी." मी सही केली. तीन आठवड्यांनी डेटाबेस बिघडला आणि बॅकअपवरून तो परत उभा करायची वेळ आली, तेव्हा बॅकअप अर्धवट निघाला. दीड दिवस काम बंद. मूळ अहवाल उघडला. पान ३१, तळाशी: "बॅकअप परत आणण्याची चाचणी वेळेअभावी घेतलेली नाही." सारांशातला एकही शब्द खोटा नव्हता. घेतलेल्या चाचण्या खरंच यशस्वी होत्या. जी घेतलीच नव्हती ती सारांशातून गळली, आणि माझं काम नेमकं तेच होतं, काय राहिलंय ते बघणं. त्या दिवसापासून सारांश कितीही चांगला असला तरी मूळ कागदातले "मर्यादा", "अपवाद", "गृहीतकं" हे भाग आणि सगळ्या तळटीपा मी स्वतः वाचतो. एआयने लिहिलेल्या चुकीपेक्षा एआयने गाळलेली गोष्ट पकडणं कितीतरी अवघड असतं, कारण गाळलेल्या गोष्टीखाली लाल रेघ येत नाही.

पडताळणी करताना एक घोडचूक फार लोक करतात: एआयलाच विचारतात, "हे नक्की बरोबर आहे ना?" २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निवाडे दाखल केले. त्यातले सहा अस्तित्वातच नव्हते. विशेष म्हणजे वकिलाने चॅटबॉटला विचारलंही होतं की हा निवाडा खरा आहे का, आणि त्याने "हो" म्हणून सांगितलं होतं. न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला. पडताळणी म्हणजे दुसऱ्या वाटेने जाऊन तीच गोष्ट पाहणं: मूळ दस्तऐवज, मूळ तक्ता, स्वतः केलेला हिशोब, त्या विषयातला माणूस. दुवा दिला असेल तर तो उघडा, आणि त्या पानावर खरंच तेच लिहिलंय का ते वाचा. पान खरं आणि दावा भलताच, असंही मी अनेकदा पाहिलंय.

सगळंच असं तपासत बसलो तर एआयचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. रास्त आहे. मी एकच कसोटी लावतो: चूक झाली तर ती मला लगेच दिसेल का, आणि निस्तरता येईल का? दोन्हीला "हो" असेल तर बिनधास्त वापरतो. तक्त्याची मांडणी बदलणं, शुद्धलेखन, ज्याच्या चाचण्या तयार आहेत असा छोटा कोड, लांबलेल्या ईमेलची कापछाट, अनोळखी विषयाची तोंडओळख, बैठकीआधी विरोधी मुद्द्यांची यादी. इथे मी क्षणभरही विचार करत नाही. पण चूक आतच राहणार असेल किंवा मागे फिरता येणार नसेल, तर निर्णय माझ्या हातचा. कुणाला कामावर घ्यायचं किंवा काढायचं, कुणाचा अर्ज नाकारायचा, तब्येतीचा किंवा कायद्याचा प्रश्न, सुरक्षेशी संबंधित बदल, हे सगळं या दुसऱ्या गटात. तिथे एआय मला प्रश्न सुचवू शकतं. निकाल ते देत नाही.

गोपनीयतेचं फार सांगत नाही, तुम्हाला ठाऊक असेल. लोकांची नावं, आजार, पासवर्ड, करार, न प्रसिद्ध झालेले आकडे बाहेरच्या चॅटबॉटमध्ये टाकायचे नाहीत. संस्थेने मंजूर केलेलं साधन असेल तर त्याचे नियम एकदा बसून वाचा.

आता कोऱ्या पानाकडे येतो. १९८३ मध्ये लिसान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्वयंचलित यंत्रणांवर एक छोटा लेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा की यंत्र सोपं काम घेतं आणि अवघड प्रसंग तेवढे माणसासाठी ठेवतं; पण रोजचा सराव यंत्राने काढून घेतल्यामुळे नेमक्या त्या अवघड प्रसंगी माणूस कच्चा पडतो. तेव्हा विषय कारखान्यांचा आणि विमानांचा होता. २०२५ मध्ये पोलंडमधल्या चार केंद्रांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे आतड्याच्या दुर्बीण तपासणीत गाठी शोधायला एआय आणलं होतं. एआय येण्यापूर्वी डॉक्टरांना सुमारे २८ टक्के तपासण्यांत कर्करोगाआधीच्या गाठी सापडत होत्या. एआयची सवय झाल्यावर, एआयशिवाय केलेल्या तपासण्यांत हे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवर आलं. प्रत्येकाने दोन हजारांवर तपासण्या केलेले हे डॉक्टर होते. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, घसरणीला इतर कारणंही असू शकतात, त्यामुळे एवढ्यावरून सगळं सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण तुम्हाला जे जाणवतंय ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत, एवढं यावरून नक्की म्हणेन.

यावर उपाय सरावाचाच. तुम्ही ज्या ज्या गोष्टींवर सही करता त्यांची यादी काढा. त्यातल्या प्रत्येक प्रकारचं काम महिन्यातून एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत एआयशिवाय करा. मी आठवड्याला एक अहवाल असा करतो, आणि मुद्दाम अवघड निवडतो, कारण सोप्यात कस लागत नाही. सुरुवातीला फार संथ वाटेल. वाक्य अडेल, हात आपोआप चॅटबॉटकडे जाईल. तिथेच थोडं थांबा. ते अडणं म्हणजेच विचार चालू असणं. मुद्दा डोक्यात स्पष्ट नसला की वाक्य जमत नाही. एआय ते वाक्य जमवून देतं, मुद्दा मात्र अस्पष्टच राहतो. तुमचं बैठकीत जे होतं त्याचं मूळ मला इथे दिसतं.

"काम पटापट उरकतं" हेही एकदा घड्याळ लावून बघा. २०२५ मध्ये मीटर नावाच्या संशोधन संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. काही एआयसह, काही एआयशिवाय. एआय वापरल्यावर त्यांना सरासरी १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावर विचारलं तर त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के जास्त वेगाने केलं. हे त्या वर्षीच्या सुरुवातीच्या साधनांचं आणि एका विशिष्ट प्रकारच्या कामाचं मोजमाप आहे, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. म्हणूनच मोजा. मी दोन आठवडे मोजलं, तेव्हा ईमेल आणि मांडणीत भरपूर वेळ वाचत होता, पण विश्लेषणात दुरुस्त्या करण्यात तो सगळा परत जात होता. तेव्हापासून विश्लेषणाचा पहिला मसुदा मी हातानेच करतो.

जबाबदारीबद्दल माझं मत पक्कं आहे. "एआयने असं सांगितलं" हे वाक्य कुठल्याच अहवालात किंवा बैठकीत यायला नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या एका लवादापुढे एअर कॅनडाने असा बचाव केला की वेबसाइटवरच्या चॅटबॉटने प्रवाशाला चुकीची माहिती दिली, तर त्याला चॅटबॉट स्वतः जबाबदार आहे. लवादाने तो साफ फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. तुमच्या टेबलावरही तसंच. एआय वापरलं हे मोकळेपणाने सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण निष्कर्ष पहिल्या पुरुषात लिहा: "मी हे सुचवतो, कारण..." त्या "कारण"पुढे लेखणी अडली तर अहवाल अजून तयार नाही.

राहिली तुमची नवीन मुलं. सरसकट बंदी घालू नका, ती लपूनछपून वापरतील आणि तुम्हाला काहीच दिसणार नाही. तुर्कीतल्या जवळपास एक हजार शालेय विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला, २०२५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. साधा चॅटबॉट हाताशी असलेल्यांनी सरावात ४८ टक्के चांगली कामगिरी केली. पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ती १७ टक्के मागे पडली. तिसऱ्या गटाला थेट उत्तर न देता इशारे देणारा, शिक्षकांच्या मदतीने तयार केलेला चॅटबॉट दिला होता. त्यांची सरावातली कामगिरी याहूनही चांगली झाली आणि परीक्षेतला तोटा जवळजवळ नाहीसा झाला.

माझ्याकडे येणाऱ्यांसाठी मी हेच धरून चालतो. पहिले तीन महिने पहिला मसुदा स्वतःचा, वेडावाकडा चालेल. मग एआयला "यात उणिवा कुठे आहेत ते प्रश्न विचारून दाखव, उत्तर देऊ नकोस" असं सांगायचं. दुरुस्त केलेल्या मसुद्यासोबत मूळ मसुदाही माझ्याकडे यायला हवा. मी आधी तो मूळ वाचतो. आणि शुक्रवारी पंधरा मिनिटं, लॅपटॉप बंद, त्यांच्याच आठवड्याच्या कामातला एक निर्णय मी निवडतो आणि विचारतो, "हे असं का?" पहिल्या काही शुक्रवारी बराच वेळ शांतता असते. तेव्हा तुम्ही उत्तर सुचवू नका, थांबा. माझ्याकडे एक मुलगी तिसऱ्या शुक्रवारी बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "हा आकडा मी का घेतला ते मला माहीत नाही, सोमवारी शोधून सांगते." सोमवारी ती शोधून आली. आकडा चुकीचा होता.